खाटेखालची पोरी

आमच्या घरात उंदराला उंदीर म्हणायचं नाही. तमिळमधला 'एलि' हा शब्द तर अजिबात काढायचा नाही. हा मामींचा नियम. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, वय एक्क्याऐंशी. त्यांचं म्हणणं असं की उंदराला भाषा कळते. आपल्याविषयी बोलणं चाललंय हे समजलं की तो सावध होतो, आणि मग तुमचा सापळा वर्षभर रिकामा.

"मग बोलायचं कसं?" मी लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं होतं.

"बोलायचंच नाही. गप करायचं."

अगदीच बोलावं लागलं तर 'पिळ्ळैयारची गाडी' म्हणायचं. पिळ्ळैयार म्हणजे गणपती. माझी बायको वसंता यावर हसायची. "अम्मा, या गाड्या इथल्या तिरुवल्लिकेणीच्या आहेत," ती म्हणायची. "त्यांना तमिळ कळतं, आपलं तंजावरचं मराठीही कळतं. यांचं सोलापूरचं मराठी कळायचं नाही. यांना बोलू दे."

वसंता गेल्या जुलैत गेली. ताप आला, नवव्या दिवशी गेली. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. मला ते नीट लिहिता येत नाही.

माझं नाव दत्तोपंत. १९९८ साली मी इकडे तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचं वायरिंग बनवणाऱ्या कारखान्यात लागलो, क्वालिटी विभागात. वसंता तिथेच टाइम ऑफिसमध्ये होती. कंपनीच्या बसमध्ये एकदा मी उकाड्याला मराठीतून शिव्या देत होतो, हळू आवाजात. कुणाला कळणार, असं वाटलं. पुढच्या सीटवरची बाई मागे वळली आणि म्हणाली, "शेवटची शिवी आम्हांला नवी आहे. पुन्हा सांगा." त्यानंतर वर्षाने लग्न झालं. मूल झालं नाही. सासरे वारल्यावर मामी एकट्या पडल्या, म्हणून आम्ही दोघं तिरुवल्लिकेणी या जुन्या वस्तीतल्या त्यांच्या घरी राहायला आलो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे धुण्याचा दगड असलेलं छोटं परसू. मामी त्याला कोल्लै म्हणतात. वसंता गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, सासू आणि जावई.

जानेवारीत शेजारचं जुनं मॅन्शन पाडलं. तिथे चाळीस एकटे पुरुष खोल्या घेऊन राहत आणि खाली त्यांची मेस होती. माणसं वेळाचेरीकडे राहायला गेली. उंदीर आमच्याकडे आले.

आधी दोन दिसले, मग मोजायचं सोडलं. त्यांनी चिंचेचा गोळा नेला, साबण नेला, माझ्या चष्म्याच्या घराचा कोपरा खाल्ला. फेब्रुवारीच्या शेवटी एकाने मामी झोपेत असताना त्यांच्या पायाचा अंगठा कुरतडला. त्यांना सकाळी चादरीवर रक्त दिसलं तेव्हा कळलं. मी त्यांना दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं सुरू केली.

"घाबरलात का, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी कशाला घाबरू? त्याचंच काही बरंवाईट झालं असेल. माझं साखरेचं रक्त आहे, तीस वर्षांचं."

घाबरला तो राघोत्तम. राघोत्तम म्हणजे मामींचा मुलगा, वसंताचा धाकटा भाऊ. तो शोळिंगनल्लूरला चौदाव्या मजल्यावर राहतो आणि कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. रविवारी तो आला, उभ्यानेच अंगठा पाहिला आणि खुर्चीवर न बसता बोलायला लागला. वसंता गेल्यापासून या घरात तो कधी दहा मिनिटांवर थांबला नव्हता.

"भावजी, धिस इज टू मच. अम्माला मी घेऊन जातो. चौदाव्या मजल्यावर मुंगीसुद्धा येत नाही."

"दोन आठवडे दे," मी म्हटलं. "मी बंदोबस्त करतो."

"दोन आठवडे. रविवारी दुपारी येईन. एक जरी दिसला तर अम्मा माझ्याबरोबर. तुम्हालाही सोलापूरला जायला मोकळीक होईल. इथे तुम्ही का अडकून राहायचं?"

तो हे चांगल्या मनानेच म्हणाला. पण मला मोकळीक नको होती. मामी रोज सकाळी पेपर उलटा धरून म्हणतात, "वसंता असती तर म्हणाली असती, अम्मा, सुलटा धर." कॉफी कडू झाली की म्हणतात, "तिच्या हातची याहून कडू असायची वो." वसंताला नावं ठेवायची सोय मला फक्त मामींजवळ होती. सोलापूरला सगळे तिच्याबद्दल फार आदराने बोलतात. दोन मिनिटांत बोलणं संपतं.

हे मी मामींना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी सापळा आणायला गेलो.

इथे एक शब्द समजावून सांगतो. तमिळमध्ये उंदराच्या सापळ्याला 'एलिप्पोरी' म्हणतात. मामींच्या नियमाने शब्दाचा पहिला अर्धा भाग बोलायचा नाही, म्हणून आमच्या घरात नुसतं 'पोरी'. एक असली तरी पोरी, दोन असल्या तरी पोरी. इतकी वर्षं ऐकून माझ्या कानाला त्यात काही वेगळं वाटेनासं झालं होतं.

घरात एक पोरी होती, तिची स्प्रिंग गेलेली. ती मी दुरुस्त केली आणि बाजारातून तारेच्या जाळीची आणखी एक आणली. विषाला मामींनी नको म्हटलं. भिंतीच्या आत मरतो आणि महिनाभर वास मारतो. चिकट पुठ्ठ्यालाही नको म्हटलं. "तो किती वेळ ओरडतो. आपल्याला जेवण जाईल का?"

मी कामाला लागलो तो कारखान्यातल्यासारखा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले दोन दिवस पोरी दार बांधून, उघडी ठेवली. आत मसाल वडै. इथे उंदराला मसाल वडैच लागते, आणि ती चहाच्या टपरीवरची ताजी लागते. तिसऱ्या दिवशी दार सोडलं. पोरी भिंतीला लागून ठेवायची, कारण तो भिंतीच्या कडेनेच पळतो. पकडल्यावर गरम पाण्याने धुवायची, नाहीतर आधीच्याचा वास नंतरच्याला सांगतो. दिवसा मी भोकं शोधली. ज्यात माझी करंगळी गेली ते भोक नापास. भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची आणि वर सिमेंट. अशी एकोणीस भोकं निघाली. तांदूळ, डाळी, सगळं पत्र्याच्या डब्यात गेलं.

पकडलेले मी बकिंगहॅम कालव्याच्या काठी सोडून येत असे. कारखान्यात नापास मालाला आम्ही लाल ठिपका देत असू. त्या सवयीने मी एकाच्या शेपटीला लाल ऑइलपेंट लावला. तिसऱ्या दिवशी लाल शेपटी पुन्हा पोरीत बसलेली, वडै खाऊन झालेली.

"घर आवडलं त्याला," मामी म्हणाल्या.

मग मी त्याला कापडी पिशवीत घालून बसने समुद्राकडे नेलं, मासळी बाजाराच्या पलीकडे. कंडक्टरने पिशवी हललेली पाहिली आणि आत काय म्हणून विचारलं. नियम तोडायला नको म्हणून मी म्हटलं, "पिळ्ळैयारची गाडी."

"मग तिला तिकीट नको," तो म्हणाला. "तुम्हाला मात्र लागेल."

पहिल्या आठवड्यात नऊ गेले.

दुसऱ्या रविवारी सकाळी मी कोल्लैत पोरी धूत होतो, तेव्हा आत माझा फोन वाजला. माझी मोठी बहीण दर रविवारी सोलापूरहून फोन करते. मी तिला अक्का म्हणतो. माझे हात ओले, म्हणून फोन मामींनी घेतला. त्या दोघींचं बोलणं मला नंतर दोघींकडूनही कळलं. शब्द दोघींनी तेच सांगितले.

"दत्तू कुठंय, मामी?"

"माप्पिळ्ळै कोल्लैंत आहेत. पोरीला आंघोळ घालतायत." माप्पिळ्ळै म्हणजे जावई. त्या मला तेच म्हणतात.

"कुणाला?"

"पोरीला वो. गरम पाणी लागतं तिला."

अक्का म्हणते, तिला वाटलं लाइन खराब आहे. "कुणाची पोरी? पाहुणे आलेत का?"

"कुठले पाहुणे. माप्पिळ्ळैंनी बाजारांतून आणली. एक घरांत होती जुनी, तिची कंबर गेलेली. ती अशक्त झाली म्हणून ही नवी. आता दोन आहेत."

"दोन!"

"एक स्वयंपाकघरांत असते. एक माप्पिळ्ळैंच्या खाटेखाली. दिवसा उन्हांत बसवतो."

"आणि मामी, तुम्हाला हे चालतं?"

"चालतं म्हणजे? मींच म्हटलं, घेऊन या. एकट्या माणसानं किती दिवस काठी घेऊन बसावं?"

"अहो, वसंताला जाऊन वर्ष झालं नाही!"

"वसंता असती तर तिनंच आणली असती. माझ्या घरांतली पहिली पोरी तिनंच आणलेली."

शेवटी तिने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "खायला काय घालता?"

"मसाल वडै. रोज ताजी. शिळी चालत नाही, फार नखरे."

मामींनी फोन ठेवला आणि मला येऊन सांगितलं, "तुमच्या अक्काला फार काळजी आहे वो तुमची. अस्कं विचारलं." अस्कं म्हणजे सगळं. मी म्हटलं, हो, ती तशीच आहे.

अक्काने मला फोन केला नाही. तिने राघोत्तमला केला. एवढी गोष्ट सासरच्या माणसांना ठाऊक असायला हवी, असं तिला वाटलं.

"राघोत्तम, तुला कळलं का? दत्तूनं घरात पोरी आणल्यात. दोन."

राघोत्तम लहानपणापासून त्याच घरातला. तो म्हणाला, "गुड! मीच सांगितलं होतं, काहीतरी करा म्हणून. दोनानं काय होणार? त्या घराला चार तरी लागतील."

अक्का म्हणते, तिने फोन ठेवून पाणी प्यायलं आणि गाडीचं तिकीट काढायला मुलाला सांगितलं.

इकडे मला त्याचा पत्ता नव्हता. माझी अडचण वेगळी होती. सगळी भोकं बुजवली होती, डबे बंद होते, तरी रोज एक सापडतच होता. एवढं करून तो येतो कशासाठी, हे कळेना. म्हणून मंगळवारी झोपण्यापूर्वी मी मागच्या दारापासून कुंपणापर्यंत रांगोळीची पूड पसरली. दगडाची पूड, तांदळाचं पीठ नव्हे. ते त्यांनी खाल्लं असतं. सकाळी पावलं उमटली होती. सगळी एकाच वाटेची, पाडलेल्या मॅन्शनच्या कुंपणाखालून आमच्या धुण्याच्या दगडापर्यंत. तिथून काही मागच्या दाराच्या फटीकडे. दगडावर केळीच्या पानाचा तुकडा होता. स्वच्छ चाटलेला.

बुधवारी संध्याकाळी मी खिडकीत उभा राहिलो. मामी हातात पानाचा तुकडा घेऊन बाहेर आल्या. त्यावर भाताचा मोठा गोळा, वर तुपाची धार. त्यांनी तो दगडावर ठेवला, क्षणभर उभ्या राहिल्या आणि आत आल्या. दुपारी त्या कावळ्यासाठी घास ठेवतात, तसा गल्लीत सगळेच ठेवतात. कावळा तो लगेच नेतो. हा दुसरा घास संध्याकाळचा होता, आणि घास कसला, एका माणसाचं जेवण होतं.

कारखान्यात असतो तर मी लगेच कागदावर लिहिलं असतं, कारण सापडलं. इथे मला ते मामींना सांगणं जमेना. बुधवार गेला, गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मी दाराची फट रबरपट्टीने बंद केली, आधीच आत शिरलेल्यांसाठी पोरी लावत राहिलो आणि गप्प बसलो.

शनिवारी सकाळी सात वाजता दारात ऑटो थांबली आणि अक्का उतरली. हातात एकच बॅग. चप्पल न काढता ती आत आली.

"अक्का! कळवायचं तरी."

"कळवून येण्यासारखं तू काही ठेवलंयस?" तिने स्वयंपाकघरात पाहिलं, न्हाणीघराचा पडदा सारला, कोल्लैत डोकावली. "कुठं आहेत?"

"कोण?"

"मला विचारतोस कोण? साठीला आलास, दत्तू!"

मामी कॉफीचा पेला घेऊन आल्या. "काय शोधता वो?"

"त्या पोरी."

"हां. एक स्वयंपाकघरांत आहे, रिकामी. दुसरी खाटेखाली आहे अजून. माप्पिळ्ळैंनी उठवायची राहिली. जपून हो, तार लागते बोटाला."

अक्का पदर खोचून माझ्या खाटेशी वाकली. आत एक लठ्ठ उंदीर मसाल वडै संपवून मिशा पुसत बसला होता. दोघांची दृष्टादृष्ट झाली. अक्का अशी किंचाळली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

"हा तर उंदीर आहे!"

"श्श!" मामी म्हणाल्या. "नाव नक्को घेऊ."

"आणि पोरी?"

"ही काय पोरी. ही तारेची."

अक्का जमिनीवरच बसली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पिंजऱ्याकडे. मग तिने फोनवरचं बोलणं पहिल्यापासून सांगितलं. आंघोळ, कंबर, ऊन, नखरे. मी हसायला लागलो. मामींना आधी कळेना. मी त्यांना सांगितलं की आमच्या मराठीत पोरी म्हणजे मुली. त्यांनी तोंडावर पदर घेतला, आणि त्यांचे खांदे किती तरी वेळ हलत होते. "अय्यय्यो," त्या मधेमधे म्हणायच्या, "आणि मी म्हटलं खाटेखाली!" कॉफी थंड झाली. पिंजऱ्यातला एकटाच गंभीर होता.

हसू ओसरल्यावर अक्का डोळे पुसत पुसत म्हणाली, "बरं झालं बाई. पण आता आलेच आहे तर बोलते. दत्तू, इथं काय राहिलंय तुझं? राघोत्तम आईला नेणारच आहे. तू चल सोलापूरला. वरची खोली रिकामी आहे."

मला नाही म्हणायचं होतं. मला चटकन बोलता येत नाही. मामी पेले उचलून आत गेल्या.

संध्याकाळी अक्का अंघोळीला गेली होती. मामी तांदूळ मोजत होत्या. एक माप, दोन मापं, तीन मापं. मी दाराशी उभा होतो.

"आज बरोबर आहे," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला. "म्हणजे रोज चुकतं?"

मी कोल्लैकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"कधी कळलं तुम्हांला?"

"बुधवारी."

त्या पाटावर बसल्या. "माझ्या हाताला तीन मापं ठाऊक, माप्पिळ्ळै. इतकी वर्षं तिघांचं शिजवलं. दोन घातली की भांडं रिकामं दिसतं. मग उरतं. तिच्या वाटचं कचऱ्यांत कसं टाकू? संध्याकाळी कावळा येत नाही, मला ठाऊक नाही का? कोण येतं तेही ठाऊक आहे. पण सकाळी पान स्वच्छ असतं. कुणी तरी पोटभर जेवलं, असं वाटतं."

जे मनात आलं ते बोललो. "मामी, वसंतानं कधी पान स्वच्छ केलंय का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"दोन घास टाकायचीच," मी म्हटलं. "कारखान्यातसुद्धा डबा अर्धा परत यायचा. तुम्ही ओरडायचात."

"ओरडायचे," मामी म्हणाल्या. "ताटांत भात, वाटींत रसम. लहानपणापासून." मग त्यांना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही बरोबर. "मग हे जेवणारं तिच्यांतलं कुणी नाही."

"नाही. हे मेसमधले आहेत."

त्यांनी नाक पुसलं आणि माप माझ्या हातात दिलं. "उद्यापासून तुम्ही घाला. माझ्या हातावर विश्वास नाही."

त्या रात्री तिघांनी तीन मापं भात संपवला. अक्काने प्रवासाच्या भुकेने दोनदा घेतला. दगडावर काही ठेवायला उरलं नाही. रविवारी सकाळी रांगोळीच्या पुडीवर एकच वाट होती. दगडापर्यंत आलेली, दगडाभोवती फिरलेली आणि कुंपणाकडे परत गेलेली. दोन्ही पोरी रिकाम्या.

राघोत्तम बारा वाजता आला. मी त्याला कारखान्यात तपासणीला आलेल्या साहेबाला दाखवतात तसं घर दाखवलं. बुजवलेली एकोणीस भोकं, डबे, दाराची पट्टी, पुडीवरची पावलं. तो खाली बसून बघत होता.

"आत एकही नाही?"

"आत एकही नाही. बाहेरचे आजपासून येणार नाहीत."

"का?"

"मेस बंद झाली," मामी आतून म्हणाल्या.

राघोत्तम उभा राहिला. रुमालाने हात पुसत म्हणाला, "भावजी, तुम्ही ग्रेट आहात. पण खरं सांगू? प्रश्न त्यांचा नाही. मुलगा असताना आई जावयाकडे राहते. लोक विचारतात मला."

"आमच्याकडेही विचारतात," अक्का म्हणाली. "बायको नाही आणि सासूपाशी राहतो."

मी मामींकडे पाहिलं. त्या आत गेल्या आणि दारामागून एक निळी कापडी पिशवी घेऊन आल्या. भरलेली, तोंड दोरीने बांधलेली. जुन्या नऊवारीची घडी वरून दिसत होती.

"गुरुवारीच भरली," त्या म्हणाल्या.

"गुरुवारी?" मी म्हटलं. "का?"

"तुम्ही दोन आठवडे एवढी खटपट करताय. भिंती लिंपताय, डबे आणताय. मला वाटलं, घर नीट करून राघूच्या ताब्यांत द्यायचं असेल. मग तुम्ही मोकळे. काल अक्का म्हणाली सोलापूरला चल, तर तुम्ही नाही म्हटलं नाहीत. मी आंत उभी होते, ऐकत होते. नाही म्हणाल म्हणून थांबले होते."

तिघं माझ्याकडे बघत होते. मला वायरिंगचा दोष शंभर माणसांपुढे सांगता येतो, हे सांगता येत नव्हतं.

"मामी, जाऊ नका," मी म्हटलं. "मी हे सगळं तुम्ही राहावं म्हणून केलं."

"काय?"

"तुम्ही गेलात तर वसंताची निंदा मी कुणाजवळ करू?"

राघोत्तमने खाली पाहिलं. मग मामी माझ्यावर चिडल्या, अगदी खऱ्या चिडल्या.

"मग हे तोंडानं सांगायला काय झालं होतं? पिळ्ळैयारच्या गाड्यांपुढं बोलू नये म्हटलं होतं मी. माझ्यापुढं बोलू नये असं कधी म्हटलं?"

अक्काला हसू फुटलं. राघोत्तम म्हणाला, "पण अम्मा, लोक..."

"काय म्हणतात लोक? मी जावयाकडे राहते? घर कुणाचं आहे, राघू?"

"तुझं."

"मग मी कुणाकडे राहत नाही. माप्पिळ्ळै माझ्याकडे राहतात. त्यांना विचार, मी ठेवून घेते का ते."

"ठेवून घेता का?" मी विचारलं.

"बघू. कॉफी नीट करायला शिका आधी."

राघोत्तम खुर्चीवर बसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा पाठ टेकून बसला. म्हणाला, "मग मी काय करू?"

"तू शनिवारी मुलांना घेऊन ये. जेवायला ये. येण्याआधी सांग, म्हणजे माप्पिळ्ळै तेवढी मापं घालतील. आज आलायस तर आज जेव. अक्का, पानं मांड."

तो जेवला. रसम वाटीत ठेवून उठत होता तर मामींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने ते पिऊन टाकलं. अक्काने तिकीट पुढे ढकलून घेतलं, कारण तिला समुद्र पाहायचा होता.

हात धुवून झाल्यावर मामींनी निळी पिशवी माझ्यापुढे केली. "ही वर माळ्यावर टाका. नको, थांबा, तुमचा गुडघा दुखतो. राघू, तू टाक."

राघोत्तमने स्टूल आणलं. वर चढला, पिशवी पोटाशी धरून. माळ्याचं लाकडी दार उघडलं, पिशवी आत सरकवली आणि हाताने आणखी मागे ढकलली.

"आहेस तसा कोपऱ्यात बघ जरा," मी खालून म्हटलं. "लेंड्या आहेत का?"

त्याने फोनचा दिवा लावला. एकेका कोपऱ्यात धरून पाहिला.

"नाहीत, भावजी."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.